सुळक्यावरची दोन झुडपं: कानालोआचं प्रकरण

मार्च 1992 मध्ये केन वुड आणि स्टीव्ह पर्लमन हे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ हवाईतल्या काहोओलावे बेटाच्या दक्षिण किनाऱ्यालगत, समुद्रातून वर आलेल्या आलेआले नावाच्या सुळक्यावर चढले. दुर्गम कड्यांवर जाऊन दुर्मीळ वनस्पती शोधणं हेच त्यांचं काम होतं. त्या सुळक्यावर त्यांना एक पसरट झुडूप दिसलं. उंची जेमतेम मीटरभर, फांद्या आडव्या पसरलेल्या, पांढऱ्या फुलांचे गोल गेंद, चपटी गोलसर शेंग आणि शेंगेत एकच बी. अशी दोन झुडपं जिवंत होती. तिसरं कुठेही सापडलं नाही.

1994 मध्ये डेव्हिड लॉरेन्स आणि वुड यांनी या वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि कानालोआ काहोओलावेन्सिस हे नाव दिलं. कानालोआ हा हवाईच्या लोकांचा समुद्रदेव, आणि हे बेटही त्याचंच मानलं जातं. ही वनस्पती कुठल्याच माहीत असलेल्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत जीनस) बसत नव्हती, म्हणून तिच्यासाठी नवी प्रजाती उभी करावी लागली. त्या प्रजातीत ही एकच जाती आहे. म्हणजे विसाव्या शतकाच्या अखेरीस शेंगांच्या कुळातली एक अख्खी शाखा शास्त्राला पहिल्यांदा दिसली, आणि दिसली तेव्हा तिची शिल्लक दोन झुडपं होती.

पुण्यात टेकड्यांवर वनस्पती ओळखत फिरणाऱ्या आमच्या अभ्यासगटासाठी मी हे प्रकरण मांडायला घेतलं, त्याचं कारण कानालोआचे नातलग. तिची सगळ्यात जवळची भावकी म्हणून ज्या तीन-चार प्रजातींची नावं घेतली जातात, त्यातली एक आहे सुबाभूळ. वेताळ टेकडीच्या, तळजाईच्या उतारांवर आणि रिंगरोडच्या प्रत्येक पडीक तुकड्यात तपकिरी शेंगांचे घोस खुळखुळवत उभी असते तीच. एकाच घराण्यातली एक मुलगी जगभर पसरली आणि दुसरी एका सुळक्यावर दोन झुडपांपुरती उरली. हे कसं झालं हे समजून घेतल्याशिवाय संवर्धनाबद्दल बोलण्यात मला अर्थ वाटत नाही.

बेटाचं काय झालं

काहोओलावे हे साधारण 116 चौरस किलोमीटरचं बेट. माउई बेटावरच्या हालेआकाला पर्वताच्या पर्जन्यछायेत येत असल्यामुळे कोरडं. आपल्याकडे सासवड-जेजुरीच्या पलीकडे पाऊस पातळ होत जातो, तशी तिथली गत. 1793 मध्ये जॉर्ज व्हँकूव्हर या ब्रिटिश दर्यावर्द्यामार्फत बेटावर शेळ्या आल्या. पुढे एकोणिसाव्या शतकात मेंढ्या आणि गुरंही आली. शेळ्यांना शत्रू नव्हता, पाणी कमी होतं आणि झाडोरा मर्यादित. त्यांनी बेट खरवडून काढलं. झाकण गेल्यावर माथ्यावरची माती वाऱ्यापावसाने निघून गेली आणि खालचा लालसर कडक थर उघडा पडला.

त्यानंतर 1941 मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिकी सैन्याने बेट ताब्यात घेऊन त्याचं बॉम्बफेकीच्या सरावाचं मैदान केलं. 1965 मध्ये तिथे 500 टन टीएनटीचा एकेक ढीग रचून स्फोट केले गेले, युद्धनौकांना धक्का कितपत सोसतो हे तपासण्यासाठी. त्यातला एक खड्डा आजही आहे. 1976 पासून हवाईच्या मूळ रहिवाशांनी बेटावर उतरून विरोध सुरू केला. 1977 मध्ये त्या चळवळीतले जॉर्ज हेल्म आणि किमो मिचेल समुद्रात बेपत्ता झाले, ते परत मिळालेच नाहीत. बॉम्बफेक थांबली 1990 च्या ऑक्टोबरात. वुड आणि पर्लमन सुळक्यावर चढले ते त्यानंतर दीडेक वर्षाने. बेट 1994 मध्ये हवाई राज्याकडे परत आलं. न फुटलेला दारूगोळा काढण्याचं मोठं काम झालं, तरी बेटाचा सुमारे चतुर्थांश भाग अजून वरवरही साफ झालेला नाही आणि जमिनीच्या पोटातली सफाई तर त्याहून फार थोड्या क्षेत्रात झाली आहे. तिथे रोप लावायला खड्डा खणायचा म्हणजे आधी त्या जागेची खात्री करून घ्यावी लागते.

हे सगळं ऐकून आमच्या गटातल्या बहुतेकांनी निकाल देऊन टाकला: शेळ्यांनी आणि बॉम्बांनी कानालोआ संपवली. सुळक्याभोवती समुद्र, तिथे शेळी पोचत नाही, म्हणून दोन झुडपं वाचली. दुसरा भाग पटण्यासारखा आहे. पहिला मात्र अर्धवट आहे, कारण खरी कहाणी दुसऱ्याच बेटावरच्या चिखलात सापडली.

गाळातली साक्ष

ओआहू बेटावर, म्हणजे होनोलुलू शहर ज्या बेटावर आहे तिथे, एवा नावाचं चुनखडीचं सखल कोरडं मैदान आहे. त्या मैदानात ऑर्डी नावाचं एक तळं आहे. तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षं थरावर थर गाळ साठत जातो आणि त्यात आसपासच्या झाडांचे परागकण अडकतात. परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की हवा लागली नाही तर ते हजारो वर्षं टिकतं. नळी खाली घुसवून गाळाचा उभा खांब बाहेर काढायचा, एकेक थर सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि कोणत्या काळात कोणती झाडं किती होती ते मोजायचं, अशी ही पद्धत.

या भागातल्या जुन्या थरांमध्ये संशोधकांना एक परागकण भरपूर मिळत होता. तो शेंगांच्या कुळातला आहे हे कळत होतं, पण हवाईतल्या कुठल्याच माहीत असलेल्या झाडाशी जुळत नव्हता. त्यामुळे तो नुसता अनोळखी म्हणून नोंदला जात होता. आलेआलेच्या सुळक्यावरची झुडपं सापडली, त्यांच्या फुलांतले परागकण तपासले गेले आणि ओळख पटली. तो कानालोआच होता.

मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा वाटतो. आपण जिला एका सुळक्यावरची विरळा वनस्पती समजत होतो, ती एके काळी ओआहूच्या सखल कोरड्या जंगलातल्या मुख्य वनस्पतींपैकी एक होती. लोउलू ताडांच्या सोबतीने मैदानं भरून उभी होती. आलेआले हे तिचं घर कधीच नव्हतं. सगळीकडून हुसकल्यावर, जिथे कुणाचा हात तिच्यापर्यंत पोचला नाही अशी ती शेवटची जागा होती. दुर्मीळ वनस्पती पाहताना ही चूक फार सहज होते. ती आज जिथे दिसते तीच तिच्या आवडीची जागा, असं आपण धरून चालतो आणि मग तिला तशाच खडकाळ, वाऱ्याच्या, कोरड्या कपारीत लावायला निघतो.

मग ती मैदानातून गेली कशी? गाळाचे थर सांगतात की जंगल ढासळायला लागलं ते त्या भागात माणसांच्या वस्तीच्या आणि जाळपोळीच्या खुणा दिसू लागण्याच्या आधी. शेळ्या यायला तर अजून कित्येक शतकं होती. संशोधकांचा संशय पॉलिनेशियन उंदरावर आहे. साधारण हजार वर्षांपूर्वी पॅसिफिक बेटांवरचे पॉलिनेशियन दर्यावर्दी होड्यांमधून हवाईत आले तेव्हा त्यांच्यासोबत हा उंदीरही आला. बेटांवर कुरतडणारा एकही प्राणी पूर्वी नव्हता, त्यामुळे तिथल्या बियांना उंदरापासून बचावाची गरजच कधी पडली नव्हती. उंदीर माणसांच्या पुढे धावले, मैदानांत पसरले आणि बिया फस्त करू लागले.

मला हे कारण पटतं, आणि पटण्यामागे त्या शेंगेची घडण आहे. एका शेंगेत एकच बी, आणि एका गेंदात फार तर तीन-चार शेंगा धरणार. ज्या झुडपाचं बियांचं गणितच इतकं काटकसरीचं, त्याच्याखालून रोज रात्री कुणीतरी बिया उचलून नेत असेल, तर मोठी झुडपं उभी राहतात, फुलतात, हिरवी दिसतात आणि त्यांच्याखाली रोपच नसतं. पाहणाऱ्याला जंगल ठीकठाक वाटतं. शेवटची म्हातारी झुडपं जातात तेव्हा ते अचानक संपल्यासारखं दिसतं, पण शेवट कित्येक दशकं आधी झालेला असतो. आपल्याकडे सड्यांवर (डोंगरमाथ्यांवरच्या खडकाळ पठारांवर), माळांवर वनस्पती मोजायला जाणाऱ्यांनी फुललेली झाडं मोजून समाधान मानू नये, असं मी कळकळीने सांगते ते यासाठी. खाली वाकून रोपं शोधा. एक-दोन वर्षांची रोपं दिसत नसतील तर वही उघडून तेच आधी लिहा.

आज एवा मैदानात काय उगवतं? बऱ्याच ठिकाणी सुबाभूळ, आणि आपल्या वेड्या बाभळीची बहीण असलेलं कियावे. दोन्ही अमेरिका खंडातून आणलेली, दोन्ही कानालोआच्याच गोतातली. जिथून ती गेली तिथे तिची भावंडं येऊन बसली आहेत.

दोन झुडपांनी काय करता येतं

शोध लागल्यावर झुडपांकडून मिळाल्या तेवढ्या बिया गोळा झाल्या आणि रोपवाटिकेत रोपं करण्याचे प्रयत्न सुरू झाले. रोपं फार थोडी जगली. 1999 मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने तिला संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत घेतलं. वर्णन छापल्यापासून यादीत येईपर्यंत पाच वर्षं गेली. दोन झुडपांच्या हिशोबात ती फार मोठी आहेत, आणि रोपवाटिकेतल्या लोकांनी यादीची वाट न पाहता काम सुरू केलं हे फार चांगलं झालं. पुढच्या काळात सुळक्यावरची संख्या दोनावरून एकावर आली. लागवडीतली झाडं बोटांवर मोजता येतील इतकीच होती. ही जाती टिकते आहे ती त्या मोजक्या झाडांना पाणी घालणाऱ्या, त्यांची कीड हाताने निपटणाऱ्या माणसांच्या जिवावर.

अडचण नुसत्या संख्येची नाही. सुळक्याच्या माथ्यावर शेजारी उभी असलेली दोन झुडपं एकमेकांची मायलेकी असू शकतात, भावंडं असू शकतात. एके काळी अनेक बेटांवर पसरलेल्या जातीत जो विविधपणा असेल, त्यातला किती या दोघींत उरला असेल? त्यांच्या संततीत पुढे जे काही येईल ते या दोन झुडपांतूनच. एखादी नवी बुरशी आली, नवी कीड आली, तर तिच्याशी झुंजणारा गुण या दोघींकडे नसला तर तो कुठूनही आणता येणार नाही. छाटकलमांनी झाडं वाढवली तर आकडा वाढतो, पण प्रत्येक कलम म्हणजे तेच झाड पुन्हा.

दुसरा प्रश्न मातीचा. शेंगांच्या कुळातल्या बहुतेक वनस्पती मुळांवरच्या गाठींत जिवाणूंना घर देतात आणि ते जिवाणू हवेतला नत्र त्यांना पुरवतात. हरभरा उपटला की दिसतात त्याच गाठी. रोपवाटिकेतल्या निर्जंतुक माध्यमात खत देऊन रोप तगतं, पण ते उजाड जमिनीत उतरवायचं असेल तर त्याच्यासोबत हा सोबतीही लागतो. काहोओलावेच्या माथ्यावर तर मातीच शिल्लक नाही.

आणि तिसरा प्रश्न, परत कुठे न्यायचं? बेटावर मांजरं आणि उंदीर अजून आहेत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला शेवटच्या शेळ्या काढल्या गेल्या आणि त्यामुळे गवत-झुडपं परत येऊ लागली, स्वयंसेवक आजही तिथे जाऊन स्थानिक झाडं लावतात. पण ज्या शत्रूने मुळात ही जाती संपवली त्याच्यासमोर उरलीसुरली बी पेरणं म्हणजे ती उधळणं. आधी उंदीर, मग पेरणी, हाच क्रम मला बरोबर वाटतो, भले त्याला आणखी एक पिढी लागो.

पुण्यातली चर्चा

हे प्रकरण गटात मांडलं तेव्हा सगळ्यात जोरदार बोलणं झालं ते सुबाभळीवर. मी तिच्याबद्दल जरा कडक बोलले होते. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर आगंतुक जातींच्या यादीत तिचं नाव आहे, तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, वगैरे. गटात उरुळीकांचनच्या बाजूचे एक शेतकरी काका आहेत. ते म्हणाले, "ताई, बहात्तरच्या दुष्काळात आमची जनावरं छावणीला होती. घरी परत आली ती निम्मीच. त्यानंतर ज्यानं आम्हाला चाऱ्याचं झाड दिलं त्याला वाईट कसं म्हणायचं?"

काकांचं म्हणणं खोडून काढता येत नाही, आणि खोडायचंही नाही. मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला उभ्या केलेल्या बाएफ या ग्रामविकासाच्या संस्थेने 1970 च्या दशकात सुबाभळीच्या ज्या उंच, भरघोस पाल्याच्या वाणांचा प्रसार केला, ते वाण हवाई विद्यापीठात निवडलेले होते. त्यांना 'हवाईयन जायंट' असंच म्हणत. दुष्काळात होरपळलेल्या भागात चारा आणि जळण देणारं, नत्र जमिनीत टाकणारं, कापलं की पुन्हा फुटणारं झाड हवंच होतं. पुणे जिल्ह्यातल्या सुबाभळीचा एक धागा असा थेट हवाईला जातो. काकांच्या बांधावर ती कापली जाते, जनावरांच्या पोटात जाते, तिला बी धरायला फुरसत मिळत नाही. टेकडीवर तिला कापणारं कुणी नाही. एका बांधावरचं उपयोगी झाड दुसरीकडे गवताळ उताराचं नुकसान करतं, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. काकांनी नंतर आपणहून सांगितलं की शेंगा वाळायच्या आत फांद्या छाटल्या तर पसारा थांबतो. आमच्या टेकडीवरच्या कामात आम्ही तेच धरलं आहे.

एका तरुण मुलाने विचारलं, "मॅडम, दोन झुडपांमागे इतकी वर्षं आणि इतका पैसा कशाला? त्यात दहा जाती वाचल्या असत्या." माझं उत्तर त्याला तेव्हाही सांगितलं आणि इथेही लिहिते. कानालोआसाठी ते करायलाच हवं होतं, कारण ती एक जाती नसून एक अख्खी शाखा आहे. पण त्याच्या प्रश्नातली दुसरी बाजू मला मान्य आहे. दोनावर आलेल्या जातीला कितीही जीव लावला तरी हाती फार थोडं येतं. तेवढ्याच कष्टांत पाच हजारांवर असलेली जाती पाच हजारांवर राखता येते. म्हणून आपल्या इथलं काम आज, भरपूर असताना करायचं.

आपल्या इथल्या शेंगा

आपल्याकडे बेट नाही, पण सह्याद्रीचे सडे आणि माथे बेटांसारखेच तुटक आहेत. खाली शेती, वस्ती, रस्ते, आणि वर एकेकटा सडा. त्यांवर शेंगांच्या कुळातल्या कितीतरी प्रदेशनिष्ठ जाती आहेत. पावसाळ्यात पिवळ्या फुलांनी उतार भरणाऱ्या कवल्याच्या प्रजातीत एका जातीला पुण्यातल्या संशोधन संस्थेचे संस्थापक शं. पु. आघारकर यांचं नाव आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव यांनी खंडाळ्याचं नाव देऊन वर्णन केलेला रानमूग हा तर आपल्या मुगा-उडदाचा भाऊबंद. पिकाच्या रानातल्या नातलगांमध्ये कीड सोसण्याचे, पाण्याचा ताण काढण्याचे गुण असतात, आणि उद्या मुगाच्या वाणांना त्यांची गरज पडू शकते. मटकी-मुगाची उसळ रोज खाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी हा रानमूग पाहिला आहे?

पुण्यात जून उजाडला की बीजगोळ्यांचा उत्साह असतो. कुटुंबं मुलांना घेऊन येतात, मातीत बी वळतात, टेकडीवर फेकतात. हेतू चांगला असतो, आणि त्या मुलांना मी कधी नाउमेद करणार नाही. पण बी कुठलं, कुणाच्या झाडाचं, कुठल्या पावसातलं, हे गोळ्यावर लिहिलेलं नसतं. कानालोआच्या प्रकरणाने मला हे ठासून शिकवलं की नोंद नसलेलं बी फार कमी कामाचं असतं. उद्या एखाद्या सड्यावरची जाती गेली आणि तिथलंच बी परत न्यायचं ठरलं, तर पाकिटावरच्या दोन ओळी सगळं ठरवतात.

म्हणून गटाने काही पद्धती धरल्या आहेत. अभयारण्यात किंवा राखीव वनात वन विभागाच्या परवानगीशिवाय बी उचलायचं नाही, आणि काम शक्यतो एखाद्या संशोधन संस्थेच्या सोबतीनेच करायचं. एका झाडाची ओंजळभर बी घेण्याऐवजी शक्य तितक्या जास्त, दूरदूरच्या झाडांची थोडी थोडी घ्यायची. बीज बँकांमध्ये सर्वसाधारण नियम असा आहे की त्या दिवशी उपलब्ध असलेल्या पक्व बियांच्या पाचव्या हिश्शाहून जास्त घेऊ नये. बाकीचं पाखरांना, मुंग्यांना आणि मातीला. प्रत्येक आईझाडाचं पाकीट वेगळं, त्यावर जागा, उंची, तारीख आणि सोबत काय उगवलं होतं ते. शेंगांच्या बिया नीट वाळवून थंड जागी ठेवल्या तर वर्षानुवर्षं टिकतात, हे आपल्या बाजूचं मोठं भांडवल. सगळं बी एकाच कपाटात ठेवायचं नाही, हेही ठरलं आहे.

रानमूग वेताळ टेकडीवर लावावा का, यावर गटात अजून दोन मतं आहेत. मी विरोधात आहे. त्याचं घर घाटमाथ्याच्या पावसात आहे. पुण्यातल्या टेकडीवर तो कदाचित वर्ष-दोन वर्षं दिसेल, आणि तेवढ्या दिसण्यात आपण समाधानी होऊन त्याच्या मूळ जागेकडे पाठ फिरवू. त्यापेक्षा लोणावळ्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याशी आमचं बोलणं चालू आहे. त्यांच्या गवताळ रानात तो आपोआप येतो. गवत कापणीच्या वेळी तेवढा पट्टा शेंगा तडकेपर्यंत सोडायला ते तयार आहेत. त्यांची अट एकच आहे. शेजाऱ्याच्या शेळ्या त्या रानातून जातात, त्यांच्याशी भांडण लावून देऊ नका. तेव्हा यंदा शेजाऱ्यालाही सोबत बसवायचं, पट्ट्याभोवती काट्याचं कुंपण गटाने स्वखर्चाने घालायचं आणि शेळ्यांची वाट पलीकडच्या बाजूने मोकळी ठेवायची, असं ठरलं आहे.